केसपेपरवरची पहिली ओळ



गेल्या पावसाळ्यात रावेतच्या वस्तीतल्या एक ताई पिशवीत कागद घेऊन आमच्याकडे आल्या. मुलगा तीस वर्षांचा. सातआठ माणसांच्या एका लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर कामाला होता, पगार पंधरा हजार. डायमधला माल काढताना प्रेस खाली आला आणि उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेली. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर वीस हजार रुपये दिले आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा स्टॅम्पपेपरवर सही घेतली. आता तोच मालक म्हणतो, बोट नसलेल्या माणसाला मशीनवर कसं उभं करू?

आम्ही डिस्चार्ज कार्ड उघडलं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : ‘घरी लोखंडी दरवाजात बोट सापडून इजा.’

ताई म्हणाल्या, “आमच्या घराला लोखंडी दरवाजा कुठाय? फळ्यांचं दार आहे.”

अशा ओळी कशा लिहिल्या जातात ते आम्हाला माहीत आहे, कारण वॉर्डात असताना आम्हीही त्या लिहिल्या आहेत. जखमी माणूस कळवळत असतो. त्याच्यासोबत सुपरवायझर आलेला असतो. “कसं लागलं?” असं विचारलं की उत्तर सुपरवायझर देतो. रात्रपाळीला आणखी दहा पेशंट रांगेत असतात. तो सांगतो ते आपण लिहितो आणि पुढे जातो. त्या ओळीवर पुढे एका घराची भाकरी अवलंबून असते, हे आम्हाला नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागल्यावर कळलं. म्हणून या वेळचं आरोग्य पान त्या ओळीसाठी.

आधी हात, मग कागद

बोट किंवा हात मशीनमध्ये गेला तर पहिली मशीन बंद करा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. हळद, चहापावडर, टूथपेस्ट काहीही लावू नका. तुटलेला भाग फेकू नका. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट लागला तर तो भाग मरतो. दवाखान्यात जितक्या लवकर पोहोचाल तितकं बरं. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

“ही पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही,” असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तातडीच्या रुग्णाला प्राथमिक उपचार देणं सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

जखमी माणसासोबत घरातलं किंवा वस्तीतलं एक माणूस राहू द्या. डॉक्टरांना किंवा सिस्टरला स्पष्ट सांगा : “कामावर, मशीनवर, इतक्या वाजता लागलं. कारखान्याचं नाव हे. एम.एल.सी. करा.” लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. चुकीचं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. घरी जाण्याआधी केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं यांचे मोबाईलवर फोटो काढा.

पगारातून ई.एस.आय. कापला जातो का?

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा, म्हणजे आपण म्हणतो तो ई.एस.आय., लागू होतो. अपंग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. ठेकेदाराकडून लागलेला कामगारही यात येतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो.

कामावर इजा झाली तर या विम्यात तीन गोष्टी मिळतात. एक, पूर्ण उपचार. आपल्या भागात त्यासाठी चिंचवडला मोहननगरचं कामगार विमा रुग्णालय आहे. दुसरी, बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता. पंधरा हजार पगार म्हणजे ढोबळ मानाने रोजचे ५००, त्यातले ४५० रोज मिळायचे. कामाचा पहिला दिवस असला तरी हा भत्ता लागू आहे, किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. तिसरी, इजा कायमची असेल तर मेडिकल बोर्ड कमाईची ताकद किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर पैसे मिळतात. कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला निवृत्तिवेतनासारखा मासिक लाभ असतो.

अपघाताचा अहवाल मालकाने विमा महामंडळाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. तुमचा विमा क्रमांक आजच पगारपावतीवर शोधा. पावतीवर कपात दिसते पण क्रमांक नाही, असं असेल तर अपघाताची वाट न पाहता महामंडळाच्या १८००-११-२५२६ या मोफत क्रमांकावर विचारा. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. ती रक्कम मालकाकडून वसूल करणं हे महामंडळाचं काम आहे.

ई.एस.आय. लागू नसेल तर

ताईंच्या मुलाचं वर्कशॉप लहान, म्हणून तिथे ई.एस.आय. नव्हता. अशा ठिकाणी भरपाई थेट मालकाने द्यायची असते. हा हक्क १९२३ च्या कायद्यापासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा आणि ई.एस.आय.चा १९४८ चा कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले गेले. नाव बदललं, हक्काचा गाभा राहिला.

कायद्याला जोडलेल्या तक्त्यात कोणत्या इजेला किती टक्के ते लिहिलेलं आहे. अंगठा गेला तर ३०, पूर्ण तर्जनी १४, पूर्ण मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटं ५० टक्के. हिशेबासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त १५,००० धरण्याची मर्यादा २०२० मध्ये ठरली. पगाराच्या ६० टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं आणि त्यातून इजेचे टक्के काढायचे.

ताईंच्या मुलाचा हिशेब आम्ही वहीच्या पानावर मांडला. पंधरा हजारांचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तिसाव्या वर्षाचा आकडा २०७.९८. गुणाकार १८,७१,८२०. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे २,६२,००० रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. हातात पडले होते वीस हजार. ताई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या.

मालक नेहमी तीन गोष्टी सांगतो, त्यांची उत्तरं लक्षात ठेवा.

“तू सही केलीस.” भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्यापुढे टिकत नाही.

“चूक तुझीच.” नुसती नजरचूक झाली म्हणून भरपाई नाकारता येत नाही. दारू पिऊन काम केलं, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढलं असं मालकाने सिद्ध केलं तरच अडचण येते. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही कारण चालत नाही. उत्पादन वाढावं म्हणून मालकानेच सेन्सर बंद करायला सांगितला असेल तर तो दोष कामगाराचा नाही. हे सोबतच्या कामगारांकडून लिहून घ्या.

“तू माझा नाहीस, ठेकेदाराचा.” आपल्या कामासाठी ठेकेदाराकडून माणसं लावली तर मूळ मालकही जबाबदार असतो.

अर्ज अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो. आपल्याकडचे असे दावे पुण्याच्या कामगार न्यायालयात चालत आले आहेत. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि कारण नसताना टाळलं तर दंडही होऊ शकतो. कामावर जातायेता रस्त्यात अपघात झाला आणि समोरच्या वाहनाची चूक असेल, तर मोटार अपघात दाव्याचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करा.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे, ही चिंता सोडा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. धर्मांतरित बौद्धांनाही १९९० पासून अनुसूचित जातींत स्थान आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक १५१०० आहे.

अपंगत्वाचा दाखला वेगळा

इथे पुष्कळ लोकांची गल्लत होते. भरपाईसाठीचे टक्के वेगळे आणि अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के वेगळे. तर्जनीला भरपाईत १४ टक्के आहेत म्हणून दाखल्यावरही तेच येतील असं नाही. दाखला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतो. त्याचा अर्ज ऑनलाइन करून तपासणीसाठी सरकारी रुग्णालयात जावं लागतं. आरक्षण आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. त्यामुळे दाखला कमी टक्क्यांचा आला म्हणून भरपाईचा अर्ज सोडू नका. भरपाई मिळाली म्हणून दाखला काढायचा राहू देऊ नका.

कर्जाचं काय?

हात गेला की पगार थांबतो आणि दुसऱ्या महिन्यात बचतगटाचा हप्ता, तिसऱ्या महिन्यात सावकार दारात येतो. नेमक्या याच वेळी घरं मालकाच्या वीस हजारांवर सह्या करतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : कामावरच्या इजेच्या भरपाईवर सावकाराला किंवा बँकेला जप्ती आणता येत नाही. ती रक्कम कोणाच्या नावे लिहूनही देता येत नाही. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे. सावकार धमकावत असेल तर सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे आणि पोलिसांत तक्रार करा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका, मूळ कागद गहाण ठेवू नका.

हे मागताना पुष्कळांना लाज वाटते. मालकाने इतकं केलं, आणखी काय मागायचं, असं म्हणतात. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात प्रा. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, पुढे १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. ही मालकाची मेहेरबानी नाही. यासाठी तुमच्या पगारातून पैसे कापले जातात.

ताईंच्या मुलाचा अर्ज दाखल झाला आहे. केसपेपरवरची ती ओळ आता बदलता येत नाही, म्हणून त्या दिवशीची हजेरी, सोबतच्या दोघांची लेखी साक्ष आणि “पोराला दवाखान्यात घेऊन चाललोय” हा सुपरवायझरने ताईंना मोबाईलवर पाठवलेला संदेश जोडला आहे. निकाल लागायला वेळ लागेल. ती ओळ खरी लिहिली असती तर एवढं जमवावं लागलं नसतं.

या रविवारी विहारात वंदना झाल्यावर प्रत्येक घराने एक काम करा. घरातला जो कामाला जातो त्याची पगारपावती, ओळखपत्राचा फोटो आणि विमा क्रमांक घरातल्या बाईच्या मोबाईलमध्ये ठेवा. अपघाताचा फोन आला तर दवाखान्यात तीच आधी पोहोचते. “कसं लागलं?” या प्रश्नाचं उत्तर तिने द्यावं.