सर्टिफिकेटवर सही करण्याआधी

आमच्या ओपीडीत फिटनेस सर्टिफिकेटसाठी रोज कोणी ना कोणी येतं. पोलीस भरतीची मुलं, लायसन काढणारे ड्रायव्हर, उन्हाळ्यात अमरनाथला निघालेले आजोबा-आजी. बीपी, शुगर, नजर, छाती तपासून सही होते. गेल्या उन्हाळ्यात मात्र एका अर्जापुढे माझा पेन थांबला. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, काटक, सोबत वडील. अर्जात कारण लिहिलं होतं : एव्हरेस्ट मोहीम.

वडील ऊसतोडीला जाणारे. ते म्हणाले, "साहेब, लेकरू दोन वर्षांपासून ह्याच नादात हाय. पहाटं उठून खंडोबाच्या टेकडीवर पळतंय. सही देऊन टाका." मुलाने कळसूबाई पाच वेळा केलं होतं. मोबाइलमध्ये फोटो होते. बर्फावर मात्र तो अजून एकदाही चढला नव्हता.

त्या दिवशी मी त्याला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर लिहितो आहे. आपल्यातले फार थोडे एव्हरेस्टला जातील, पण केदारनाथ, अमरनाथ आणि लेह-लडाखला आता गावोगावची मंडळी जातात, आणि शरीराचे नियम तिथेही तेच आहेत.

पहिली गोष्ट हवेची. उंचावर ऑक्सिजन 'कमी' असतो असं आपण म्हणतो. खरं तर हवेतलं त्याचं प्रमाण बीडमध्ये २१ टक्के आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्केच असतं. कमी होतो तो दाब. नळाचं पाणी तेच असतं, पण टाकीत उंची नसेल तर धार लागत नाही, हे बीडकरांना वेगळं सांगायला नको. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर, म्हणजे ५,३६४ मीटरवर, तो जवळपास निम्म्यावर येतो. माथ्यावर, ८,८४८ मीटरवर, १९८१ साली तो प्रत्यक्ष मोजला गेला तेव्हा २५३ भरला. म्हणजे एक तृतीयांश. फुप्फुसं तीच, छाती तीच, पण ऑक्सिजन रक्तात ढकलणारा जोरच उरत नाही.

कोविडने घराघरांत ऑक्सिमीटर पोहोचवला. ९४ च्या खाली आकडा गेला की घरात रडारड होई, ८५ ला आम्ही बेड शोधायला धावत असू. आता हे ऐका. २००७ मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांच्या एका चमूने एव्हरेस्ट चढून उतरताना ८,४०० मीटरवर थांबून, कपडे सोडवून, स्वतःच्या मांडीच्या धमनीतून रक्त काढलं. नमुने शेर्पांनी धावतपळत खालच्या कॅम्पातल्या तंबू-प्रयोगशाळेत पोहोचवले. रक्तातल्या ऑक्सिजनचा सरासरी दाब निघाला सुमारे २५. निरोगी माणसाचा आपल्याकडे ९० च्या आसपास असतो. संपृक्तता सरासरी ५४ टक्के. माझ्या वॉर्डात असा रिपोर्ट आला तर मी पेशंट गेला असंच समजेन. आणि ही माणसं पायांवर उभी होती, बोलत होती.

हे कसं शक्य झालं? सवयीने. ती सवय आठवड्यांनी लागते, जिद्दीने लागत नाही. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला वाट करून देतात, अस्थिमज्जा जास्त तांबड्या पेशी तयार करते. म्हणून आठ हजारी शिखराची मोहीम दोन-दोन महिने चालते. आठ-दहा दिवस हळूहळू चालत तळ गाठायचा, मग वरच्या कॅम्पला जायचं, परत खाली यायचं, पुन्हा त्याहून वर जायचं, पुन्हा खाली. बघणाऱ्याला हा वेळेचा आणि पैशाचा अपव्यय वाटतो. मोहिमेचा खरा गाभा तोच आहे. मग मेच्या मध्यावर माथ्यावरचे वारे काही दिवस मंदावतात, त्या दिवसांसाठी वाट बघत बसायचं.

सवय लागण्याआधी माणूस चढला तर तीन गोष्टी होतात. पहिली साधी : डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे. दुसरी मेंदूला सूज : माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, असंबद्ध बोलतो. तिसरी फुप्फुसात पाणी : बसल्या जागी धाप, खोकला, गुलाबी फेस, आणि बहुधा रात्री. या तिसऱ्या आजाराला कित्येक वर्षं न्यूमोनियाच समजत होते. १९६० मध्ये अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन यांनी तो वेगळा ओळखून मांडला. पण त्याचा मोठा अभ्यास आपल्या लष्करी डॉक्टरांच्या नावावर आहे. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातले जवान थेट उंचावर नेले गेले आणि त्यांतले अनेक या आजाराने पडले. लेहमधल्या रुग्णांवर मेनन यांनी १९६५ मध्ये लिहिलं, आणि १९६९ मध्ये इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जगभरच्या पुस्तकांत हे संदर्भ आहेत. आपल्याच वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते माहीत नसतात, हे जाता जाता.

तिन्हींवर पहिला उपाय एकच : खाली उतरणे. अ‍ॅसिटाझोलामाइड, डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं मोहिमेच्या पेटीत असतातच, पण ती उतरायला वेळ मिळवून देतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. आणि मेडिकलवरून स्वतःच्या मनाने घ्यायची तर मुळीच नाहीत. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच करू नये, दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवावा. लेह ३,५०० मीटरवर आहे आणि विमान तासा-दीड तासात तिथे टाकतं. पहिले दोन दिवस हॉटेलात पडून राहणाऱ्याला बरोबरचे हसतात. हसू द्यावं. केदारनाथही ३,५८३ मीटरवर. हेलिकॉप्टरने जाऊन दर्शन घेऊन लगेच खाली येणाऱ्याचं बहुधा निभावतं, वर मुक्काम करणाऱ्याने मात्र डोकेदुखीला 'दगदग' म्हणू नये.

दुसरा हिशेब सिलिंडरचा. चार लिटरचं सिलिंडर मिनिटाला दोन लिटर या वेगाने आठ-दहा तास पुरतं. शेवटच्या कॅम्पवरून माथा गाठून परत यायला पंधरा-अठरा तासही लागू शकतात. वाटेत रांग लागली तर? मे २०१९ मधला एव्हरेस्टच्या धारेवरच्या गर्दीचा फोटो तुम्ही पाहिला असेल. रांगेत उभं राहिलं तरी सिलिंडर संपतच असतं. त्या मोसमात तिथे अकरा माणसं गेली.

म्हणून अनुभवी लोक निघण्याआधीच परतीची वेळ ठरवतात. दुपारी अमुक वाजता, असू तिथून मागे. १९९६ च्या मेमध्ये एव्हरेस्टवर ही वेळ पाळली गेली नाही, वादळ आलं, आणि आठ जण मृत्युमुखी पडले. ऑक्सिजन कमी पडलेला मेंदू हिशेब करू शकत नाही. तो हिशेब आधी, खाली, भरल्या पोटी करून ठेवायचा असतो.

मराठी माणसांनी हे नियोजन उत्तम करून दाखवलं आहे. सुरेंद्र चव्हाण १९९८ मध्ये एव्हरेस्टवर पोहोचले. उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमीने २०१२ मध्ये एव्हरेस्ट केलं आणि मग एकेक आठ हजारी शिखर घेत १५ मे २०१९ ला ८,५८६ मीटरच्या कांचनजुंगावर एकाच वेळी दहा जण उभे केले. त्याच दिवसांत त्याच डोंगरावर दोन भारतीय गिर्यारोहक दगावले, यावरून डोंगर कसा आहे ते कळेल. हिमकडे कोसळण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या अन्नपूर्णेवर २०२१ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याची प्रियांका मोहिते पोहोचली. १९५० मध्ये याच शिखरावरून उतरताना मोरिस एर्झोग यांचे हातपाय गोठले आणि परतीच्या वाटेवर मोहिमेच्या डॉक्टरला त्यांची बोटं कापावी लागली होती.

पण मुलाला मी जास्त सांगितलं ते आपल्या मराठवाड्यातल्या दोघांबद्दल. तेव्हाच्या औरंगाबादचे पोलीस रफिक शेख २०१६ मध्ये माथ्यावर पोहोचले. त्याआधी २०१४ च्या हिमप्रपाताने आणि २०१५ च्या भूकंपाने त्यांना दोनदा परत यावं लागलं होतं. मनीषा वाघमारे २०१७ मध्ये माथा अवघा १७० मीटर उरला असताना खराब हवामानामुळे मागे फिरल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा जाऊन शिखर करून आल्या. १७० मीटर म्हणजे आपल्या एखाद्या टेकडीएवढा चढ. तिथून वळणं किती कठीण असेल!

आणि इथेच माझी खरी भीती होती. मी वडिलांना विचारलं, पैसे कुठून आणणार? नेपाळ सरकारची वसंतातली परवाना फीच आता १५,००० डॉलर आहे. शेर्पा, ऑक्सिजन, साहित्य धरून एकूण खर्च तीस लाखांच्या पुढे जातो. ते म्हणाले, दोन एकर आहे, मुकादमाकडून उचल घेऊ, गावात वर्गणी होईल. बाप उचल घेऊन, रान विकून, गावाने मिरवणूक काढून ज्याला पाठवलं आहे, तो मुलगा १७० मीटर राहिले असताना मागे फिरेल का? तपासणीच्या कुठल्याही फॉर्मवर या प्रश्नाला रकाना नाही.

रक्ताचा रिपोर्ट दुपारी आला. हिमोग्लोबिन ११.४. या वयाच्या पुरुषाला १३ तरी हवं. पळण्यात त्याचं कुठे अडलं नव्हतं, म्हणून घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. पण उंचावर नव्या तांबड्या पेशी बनवायला शरीराला लोह लागतं, आणि ते याच्याकडे खालीच कमी होतं.

एव्हरेस्टच्या अर्जावर मी सही केली नाही. मुलगा नाराज झाला, वडील मात्र खुर्चीत जरा सैल होऊन बसले. जंताची आणि लोहाची गोळी लिहून दिली. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स असतो, त्याची माहिती एका कागदावर लिहून दिली. तिथे बर्फावर चालायला शिकवतात, आणि मागे फिरायलाही.

तीन महिन्यांनी तो एकटाच आला. हिमोग्लोबिन १३.१ होतं. हातात कोर्सचा फॉर्म होता. त्यावर मी सही केली.