शंभर दिवसांचा मसूर

कऱ्हाड-इस्लामपूरकडे भाकरीबरोबर अख्खा मसूर चवीने खाणाऱ्यांना हे क्वचितच ठाऊक असते, की या इवल्या धान्याचे माहेर पश्चिम आशियात आहे आणि भारतात त्याची लागवड मुख्यत्वे मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश व बिहार या प्रांतांत होते. त्यांतही बुंदेलखंडासारख्या कोरडवाहू मुलखात पावसाळा सरल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीच्या भरवशावर तो पेरतात. आणि फाल्गुनात ऊन तापू लागले की नेमक्या दाणे भरण्याच्या मुदतीत ओल संपते, फुले गळतात, शेंगा पोचट राहतात. तहान सोसणारे रोप घडविणे बिकट. म्हणून तहान लागण्यापूर्वीच आपले कार्य उरकणारे रोप घडवावे, या विचाराने संशोधकांनी लवकर पिकणाऱ्या वाणांची कास धरली.

मसूर हे मूळचे दीर्घ दिवसांत फुलणारे पीक. प्राचीन काळी ते इकडे आले तेव्हा हिवाळ्याच्या आखूड दिवसांतही जी थोडी रोपे वेळेवर फुलली तीच टिकली, आणि आपला देशी मसूर त्या मूठभर रोपांचीच संतती असल्याने त्याच्यात गुणवैचित्र्याचे दारिद्र्य आले, असे शास्त्रज्ञ मानतात. बाहेरच्या वाणाशी संकर करावा, तर तो इतका उशिरा फुले की दोघांची गाठच पडत नसे. ही कोंडी फोडली ती अर्जेंटिनाच्या ‘प्रेकोज’ वाणाने. त्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी ‘लवकर येणारा’.

संकराचे काम मात्र जवळून पाहावे असे आहे. मसुराच्या कळीत उमलण्यापूर्वीच परागण होऊन जाते, सबब बारीक चिमट्याने ती मिटलेली कळी अलगद उघडून आतले दहाही पुंकेसर काढायचे, मग दुसऱ्या वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर टेकवायचे. आणि एवढ्या खटाटोपाचे फळ म्हणजे शेंगेत एक बी, फार तर दोन.

दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेचा ‘पुसा अगेती मसूर’ मध्य भारतासाठी 2016 साली प्रसारित झाला. तो सुमारे 100 दिवसांत काढणीस येतो. या घाईची किंमतही आहेच. लवकर पिकणाऱ्या रोपाला वाढायला अवधी थोडा, त्यामुळे ज्या वर्षी मावठा हात देतो त्या वर्षी उशिराचा वाण त्याच्या पुढे जातो. पण मावठ्याची हमी कोण देणार? ज्याची जमीन हलकी आहे आणि ओल धरीत नाही, त्याने बियाणे घेताना उत्पन्नाच्या आकड्याआधी दिवसांचा आकडा पाहावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.