संगणक क्षेत्रातील स्त्रिया : भरती आणि गळती

१९७४ साली बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संगणकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सुधा कुलकर्णी यांच्या वाचनात पुण्याच्या टेल्को कारखान्याची एक जाहिरात आली. कारखान्यास हुशार व कष्टाळू तरुण अभियंते हवे होते. परंतु स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी सूचनाही जाहिरातीत होती. सुधाताईंनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून या भेदभावाबद्दल नाराजी कळविली. थोड्याच दिवसांत त्यांना पुण्यास मुलाखतीचे बोलावणे आले आणि टेल्कोतील त्या पहिल्या महिला अभियंता ठरल्या. पुढे पुण्यातच त्यांनी वालचंद उद्योगसमूहात संगणकप्रणाली विश्लेषक म्हणून वरिष्ठ पदावर काम केले. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी उभारलेला हा समूह.

त्यानंतर १९७६ च्या समान वेतन कायद्याने नोकरभरतीतील भेदभावास मनाई केली. आज तशी सूचना छापण्याचे धाडस कोणतीही कंपनी करणार नाही. तथापि संगणक क्षेत्रात स्त्रियांचे प्रमाण किती असावे आणि ते वाढविण्यासाठी खास प्रयत्न करावेत की नाही, हा वाद जगभर अजून चालू आहे. व्यापारी कुटुंबांतील मुली मोठ्या संख्येने संगणक अभियांत्रिकीकडे वळत असताना हा वाद समजून घेणे अगत्याचे ठरते.

वादाच्या दोन बाजू

या वादाला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती २०१७ साली, अमेरिकेत. गूगल कंपनीत त्या वेळी तांत्रिक पदांवर दर पाच कर्मचाऱ्यांमागे एकच स्त्री होती आणि हे प्रमाण वाढविण्यासाठी कंपनी विशेष कार्यक्रम राबवीत होती. जेम्स डॅमोर या तेथील अभियंत्याने सुमारे दहा पानांचे टिपण लिहून सहकाऱ्यांत प्रसृत केले. स्त्री आणि पुरुष यांच्या आवडीनिवडींत सरासरीने काही फरक असतो व तो अंशतः निसर्गदत्त असतो. त्यामुळे संख्येतील तफावत म्हणजे अन्यायच, असे मानू नये. आणि केवळ स्त्रियांसाठी योजना आखणे हा पुरुषांवर अन्याय होय, असे त्याचे प्रतिपादन होते. हे टिपण बाहेर फुटताच गदारोळ झाला आणि ऑगस्टमध्ये कंपनीने त्याला कामावरून कमी केले. मत मांडल्याबद्दल नोकरी जावी का, हा आणखी एक वाद त्यातून उभा राहिला.

डॅमोरच्या म्हणण्यातील एक भाग कोणत्याही व्यापाऱ्यास पटण्याजोगा आहे. पेढीवर माणूस घ्यायचा तो कामाची पात्रता पाहून. संख्या जुळविण्यासाठी नव्हे. दर्जा सैल करून मिळविलेला समतोल टिकत नाही आणि पात्रतेने आलेल्या स्त्रियांवरही विनाकारण संशयाची सावली पडते. परंतु स्त्रियांना या कामाची उपजत ओढच कमी असते, हे विधान तपासून पाहता येते. कारण त्याचा हिशेब उपलब्ध आहे.

आवड खरोखर उपजत असते काय?

एनिॲक हा आरंभीचा प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक संगणक १९४६ साली फिलाडेल्फिया येथे जगासमोर आला. त्याला आज्ञावली पुरविण्याचे काम सहा तरुणींनी केले होते. त्या काळी यंत्र बांधणे हे पुरुषांचे आणि आज्ञावली रचणे हे कारकुनी, म्हणून स्त्रियांचे काम समजले जाई. ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ साली घरून काम करणाऱ्या स्त्रियांना घेऊन संगणकप्रणालीची कंपनी काढली. स्वतःच्या नावाने पाठविलेल्या पत्रांना उत्तरे येत नाहीत, हे पाहून त्या ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही करू लागल्या. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सच्या आज्ञावलीचे काम या कंपनीने केले. तिच्या पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांत पुरुष अवघे तीन होते.

अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेले होते. पुढील पंचवीस वर्षांत ते घसरून १८ टक्क्यांच्या आसपास आले. माणसाची उपजत प्रवृत्ती एका पिढीत निम्म्यावर येत नाही. बदलली ती परिस्थिती. घरगुती संगणक बाजारात आले, ते मुलग्यांचे खेळणे म्हणून विकले गेले आणि महाविद्यालयात येणारा मुलगा आधीच सराव झालेला, तर मुलगी कोरी, असे चित्र तयार झाले. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने हे ओळखून प्रवेशाच्या वेळी पूर्वानुभवाला दिलेले वजन कमी केले आणि नवख्यांसाठी प्रारंभीचे वर्ग निराळे ठेवले. अभ्यासक्रमाचा दर्जा तोच राहिला. १९९५ मध्ये तेथील संगणकशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांत मुली ७ टक्के होत्या. २००० मध्ये त्या ४२ टक्के झाल्या.

निव्वळ गुणवत्तेचा आग्रह धरणाऱ्यांनी आणखी एक उदाहरण ध्यानात घ्यावे. ॲमेझॉन कंपनीने उमेदवारांचे अर्ज निवडण्यासाठी एक संगणकीय यंत्रणा तयार केली होती. कंपनीकडे आलेले जुने अर्ज तिला शिकवणीसाठी दिले गेले. ते बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी ती यंत्रणा स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागली आणि अखेर तिचा नाद सोडून द्यावा लागला. २०१८ साली ही हकिगत वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. मोजण्याचे मापच जुन्या सवयीचे असेल, तर तराजू सरळ दिसूनही तोल चुकतो.

भारताचे चित्र निराळे

भारतात हा वाद अमेरिकेच्या शब्दांत मांडणे योग्य होणार नाही. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या नॅसकॉम या संघटनेच्या आकडेवारीनुसार या उद्योगातील सुमारे ३६ टक्के कर्मचारी स्त्रिया आहेत. गूगलमधील त्या वेळच्या तांत्रिक पदांवरील प्रमाणापेक्षा हे कितीतरी अधिक आहे. येथे संगणक हा ‘मुलांचा विषय’ कधी ठरलाच नाही. उलट स्वच्छ कार्यालय, चांगले वेतन आणि बसून करण्याचे काम, म्हणून आईवडिलांनी मुलींना या शाखेकडे आवर्जून पाठविले.

अपवाद होता तो आयआयटीसारख्या अग्रगण्य संस्थांचा. २०१६-१७ मध्ये तेथे मुली जेमतेम ८ टक्के होत्या. मुलींना बुद्धी कमी, असे त्याचे कारण नव्हते. बारावीनंतर आणखी एक वर्ष केवळ प्रवेश परीक्षेसाठी देणे, शिकवणीसाठी कोटासारख्या परगावी ठेवणे, दूरच्या राज्यात चार वर्षे पाठविणे, हे मुलाच्या बाबतीत जितक्या सहज होते तितके मुलीच्या बाबतीत होत नाही. २०१८ पासून आयआयटींनी मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या आणि २०२० पर्यंत मुलींचे प्रमाण २० टक्क्यांवर आणले. यासाठी मुलांच्या जागा कमी करण्यात आल्या नाहीत आणि जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण होण्याची अटही कायम राहिली. मुलींना तुलनेने खालच्या क्रमांकावर प्रवेश मिळतो, हा आक्षेप खरा आहे. पण परीक्षेच्या तयारीवर घराने केलेला खर्च दोघांसाठी सारखा नव्हता, हेही तितकेच खरे आहे.

थोडक्यात, भरतीच्या बाजूने भारताची स्थिती वाईट नाही. चिंता आहे ती गळतीची. प्रारंभीच्या पदांवर मुलगे आणि मुली खांद्याला खांदा लावून दिसतात. आठ-दहा वर्षांनंतर, म्हणजे प्रकल्पाची सूत्रे हाती येण्याच्या वेळी, स्त्रिया कमी दिसू लागतात आणि वरिष्ठ पदांवर तर त्या मोजक्याच उरतात.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीत एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी स्त्रिया आहेत. तेथे स्त्रियांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण एरवी पुरुषांइतके किंवा त्याहून कमी असे. २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात मात्र ते पुरुषांहून अधिक झाल्याचे कंपनीच्या मनुष्यबळ प्रमुखांनी नमूद केले. महासाथीच्या काळात घरून काम सुरू असताना काही स्त्रियांच्या घरातील व्यवस्था बदलून गेली व त्यामुळे कार्यालय पुन्हा सुरू झाल्यावर त्यांना परतणे कठीण झाले असावे, असा त्यांचा कयास होता.

घरातील व्यवस्था म्हणजे काय, हे केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीतून दिसते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या; घरकामात हातभार लावणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे पुरुष चारांत एक, तर स्त्रिया पाचांत चार. परदेशी ग्राहकाच्या वेळेनुसार रात्री नऊला सुरू होणाऱ्या बैठका आणि सकाळचा स्वयंपाक यांचा मेळ रोज एकाच व्यक्तीने घालायचा असेल, तर ती किती वर्षे टिकेल?

कायद्याचाही येथे विचार केला पाहिजे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. हेतू उत्तम आहे. परंतु राज्य कर्मचारी विमा योजनेच्या कक्षेबाहेरील, म्हणजे अधिक वेतनाच्या स्त्रियांच्या रजेचे पूर्ण वेतन मालकाच्याच खर्चात पडते. मोठी कंपनी ते सोसते. पंधरा-वीस माणसांची पेढी नवविवाहित मुलीचा अर्ज हळूच बाजूला ठेवते. हा भार विमा किंवा शासन यांनी वाटून घेतला, तर लहान मालकाचीही भीती कमी होईल. व्यापारी संघटनांनी रजेला विरोध करण्यापेक्षा ही मागणी लावून धरणे अधिक उचित होईल.

व्यापारी घरातील प्रश्न

सुधा मूर्ती यांच्याच आयुष्यात याचे दुसरे उदाहरण आहे. १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना झाली, तेव्हा पती नारायण मूर्ती यांना त्यांनी आपल्या बचतीतून दहा हजार रुपये दिले. पती-पत्नींपैकी एकानेच कंपनीत असावे, असा मूर्तींचा आग्रह होता. संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी असलेल्या सुधाताई बाहेर राहिल्या. अलीकडे मूर्तींनी स्वतःच, त्यांना कंपनीपासून दूर ठेवणे ही आपली चूक होती, असे जाहीरपणे सांगितले आहे.

व्यापारी कुटुंबांना ही गोष्ट अपरिचित वाटू नये. अनेक पेढ्यांच्या भागीदारी पत्रावर सुनेचे नाव असते. कराच्या दृष्टीने ते सोयीचे असते. बँकेत तिची नमुना सही असते, धनादेशावर तिची सही चालते. मात्र तो धनादेश कशाचा, हे तिला पुष्कळदा सांगितलेले नसते. हीच सून चार वर्षे संगणक अभियांत्रिकी शिकलेली असते. तिच्या शिक्षणावर माहेरने लाखो रुपये खर्च केलेले असतात. काहींनी शैक्षणिक कर्जही काढलेले असते. लग्नानंतर ‘आपल्याला काय कमी आहे?’ या प्रेमळ वाक्याने तिची नोकरी थांबते. त्यात दुष्ट हेतू नसतो. घराची प्रतिष्ठा, संयुक्त कुटुंबातील कामे, वेळी-अवेळी येणारे पाहुणे, या सर्वांचा तो परिणाम असतो. परंतु संगणकाचे ज्ञान सोन्यासारखे तिजोरीत ठेवता येत नाही. वापरात नसलेल्या यंत्राचाही घसारा दरवर्षी लिहावा लागतो आणि या क्षेत्रात तो फार जलद होतो. पाच वर्षांनी मुले शाळेत जाऊ लागली की तीच स्त्री परत उभी राहू पाहते, तेव्हा तिच्या बरोबरीचे सहकारी कितीतरी पुढे गेलेले असतात. अशा स्त्रियांना परत आणण्यासाठी टाटा समूहाने २००८ साली खास योजना सुरू केली होती. परंतु अशा संधी मोजक्याच असतात.

नोकरी न करता घर सांभाळण्याचा निर्णय एखादीने स्वतः घेतला, तर तो आदरणीयच आहे. प्रश्न एवढाच, की तो निर्णय तिने घेतला की तिच्यासाठी घेतला गेला. वधू-वर परिचय पत्रकात ‘उच्चशिक्षित’ ही अपेक्षा ठळकपणे छापली जाते; लग्नानंतरच्या नोकरीविषयी मात्र ‘चालेल’ किंवा ‘पाहू’ एवढेच तोंडी सांगितले जाते. इतर सर्व व्यवहार लेखी करणाऱ्या घरांनी हा सर्वांत मोठा व्यवहार मोघम का ठेवावा?

यावर करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. सोयरीक ठरताना नोकरी, गाव आणि कामाच्या वेळा यांविषयी दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलावे व मुलीचे मत तिच्याच तोंडून ऐकावे. मूल लहान असताना नोकरी सोडण्याऐवजी अर्धवेळ किंवा घरून कामाचा मार्ग आधी शोधावा. आजी-आजोबांचा आधार हे संयुक्त कुटुंबाचे बळ आहे आणि शहरातील विभक्त घरांना ते मिळत नाही. मुलालाही स्वयंपाकघराची ओळख लग्नापूर्वीच करून द्यावी. सुनेला घरच्याच व्यवसायात आणायचे असेल, तर लेखाप्रणाली, जीएसटीची विवरणपत्रे, ऑनलाइन विक्री अशी निश्चित जबाबदारी, ठरलेले वेतन आणि निर्णयाचा अधिकार तिला द्यावा.

कंपन्यांनी किती टक्के स्त्रिया घ्याव्यात, हा वाद पुढेही चालत राहील आणि दोन्ही बाजूंनी नवे आकडे मांडले जातील. परंतु नोकरीत आलेल्या स्त्रियांपैकी दहा वर्षांनी किती उरतील, हे बऱ्याच अंशी कुटुंबांच्या हाती आहे. येत्या लग्नसराईत परिचय पत्रक भरताना ‘लग्नानंतर नोकरी’ या रकान्यासमोर विचारपूर्वक, स्पष्ट उत्तर लिहिले गेले, तरी या कामाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.