दोष एकट्या पावसाचा?

एप्रिल सरत आला की कोकणातल्या डोंगराळ वाड्यांवर टँकर फिरू लागतात. रायगड-रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सोलापूरच्या साधारण चौपट. तरी वैशाखात हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बायका दोन्हीकडे दिसतात. पाऊस कमी पडतो म्हणून दुष्काळ येतो, हा सर्वांत रुजलेला गैरसमज. कोकणातल्या कोणत्याही टंचाईग्रस्त वाडीत तो टिकत नाही.

कोकणातला जांभा सच्छिद्र. पाणी त्यात मुरते, पण फार काळ राहत नाही. झऱ्यांवाटे निघून जाते. सह्याद्रीचा पश्चिम उतार तीव्र, नद्या आखूड आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. घाटमाथ्याच्या पूर्वेला गोष्ट वेगळी. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्री ढगांना वर चढवतो, ते पश्चिमेला रिकामे होतात आणि पलीकडे पर्जन्यछायेचा पट्टा उरतो. त्यात खाली काळा पाषाण. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग या बेसॉल्टने व्यापलेला आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. म्हणून 'बोअर जितकी खोल तितके पाणी जास्त' हाही भ्रमच. खोलवरच्या भेगा थोड्या, त्यांतले पाणी भरायला फार काळ लागतो आणि एकाची बोअर खोल गेली की शेजाऱ्याची विहीर आटते. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रांत शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यावर बंदी घातली ती याच कारणाने. त्याहून कितीतरी खोल गेलेल्या बोअर आज गावोगाव आहेत.

दुसरा घोळ 'सरासरी' या आकड्याचा. देशभरच्या मान्सूनची दीर्घकालीन सरासरी ८७ सेंटीमीटर धरली जाते आणि ९६ ते १०४ टक्के पावसाला 'सर्वसाधारण' म्हणतात. बातमी वाचून शहरातला माणूस निश्चिंत होतो. शेतकऱ्याचे गणित मात्र वेगळ्या गोष्टींवर चालते: मृगात पेरणीजोगी ओल झाली का, त्यानंतर किती दिवस उघाड राहिली, कणसात दाणा भरताना पाऊस आला का, आणि रब्बीसाठी हस्ताने साथ दिली का. जूनमध्ये दोन सरी बरसल्या, पेरणी उरकली आणि पुढे तीन आठवडे कोरडे गेले की दुबार पेरणीची वेळ येते. ऑगस्टमध्ये भरपूर पाऊस होऊन हंगामाची सरासरी गाठली, तरी जुलैत करपलेले रोप उठत नाही. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विद्यापीठे दरवर्षी सांगतात. मान्सून आला ही एक घटना, पेरणीयोग्य पाऊस झाला ही दुसरी.

पाण्यासाठी हंगामी हिंडणारे समाज मागासलेले, ही समजूतही तपासून पाहावी अशी. माण, खटाव, फलटण या कोरड्या पट्ट्यातले मेंढपाळ धनगर दसऱ्यानंतर बिऱ्हाड घोड्यांवर लादून कळपांसह घाट उतरतात. तोवर कोकणात भात कापून झालेला असतो. अतिपावसाने तिथल्या मातीतला कस धुपून गेलेला असतो आणि शेतकऱ्याला खत हवे असते. मग मेंढ्या रात्री शेतात बसवल्या जातात. लेंड्या-मुताचे खत शेताला आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसा मेंढपाळाला. वळवाचे ढग दिसू लागले की मेंढपाळांचा वाडा, म्हणजे बिऱ्हाड-कळपांचा तांडा, परत घाट चढतो, कारण कोकणातल्या चिखलात आणि दमटपणात मेंढीचे खूर सडतात. आपल्या माळावर तोवर पहिल्या पावसाचे गवत येऊ घातलेले असते. पावसाच्या दोन टोकांना जोडणारी ही देवाणघेवाण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यामागे हवामान, माती आणि जनावर या तिन्हींचे पक्के ज्ञान आहे.

दुष्काळात अन्न संपते म्हणून माणसे मरतात, असे पाठ्यपुस्तकांतून मनावर ठसलेले असते. दख्खनने याची कसोटी दोनदा पाहिली. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई, मद्रास, म्हैसूरच्या प्रदेशांत मिळून लाखो माणसे दगावली. त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची निर्यात सुरू होती. धान्य होते, ते विकत घ्यायची ऐपत माणसांकडे उरली नव्हती. शेत कोरडे म्हणजे मजुरी नाही, आणि मजुरी नाही म्हणजे बाजारातली ज्वारी नुसती डोळ्यांनी पाहायची. सरकारी कामांवरची मजुरी तर ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबापर्यंत खाली आणली. त्याविरुद्ध मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. पाऊस तेव्हा निसर्गाने रोखला होता. मजुरीचा आकडा माणसाने ठरवला होता.

१९७२ चा दुष्काळही भीषण होता. पीक बुडाले, विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली. लोकांनी रेशनवरचा मिलो खाऊन दिवस काढले. खडी फोडण्याचे आणि सुकडी खाण्याचे ते दिवस आजही घराघरांत सांगितले जातात. हालअपेष्टा अपार झाल्या, पण १८७७ सारखा मृत्यूंचा डोंगर उभा राहिला नाही. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. हाती मजुरी आली तेव्हा धान्यही त्यांच्यापर्यंत पोचले. या अनुभवातून आणि विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी योजना पुढे आली. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' म्हणून जी वजावट दिसते, ती १९७५ मध्ये मुख्यतः याच योजनेसाठी बसवलेली. दुष्काळी गावातल्या मजुराला शहराने दिलेला तो वाटा आहे आणि त्याचा अभिमान वाटायला हवा.

धरणे आणि कालवे येण्यापूर्वी शेती फक्त आभाळाकडे डोळे लावून होत असे, हेही खरे नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत काही शतकांची आहे. नदीत बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड. एका फडात हंगामाला एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून वेगवेगळ्या फडांत विभागलेली. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. तोटा होतो, पण तो सगळ्यांचा थोडा थोडा होतो. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या गावच नेमत असे. पुढे १९७० च्या दशकात विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायत उभी केली तेव्हा नियम आणखी धीट केला: पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता माणशी ठरवायचा, भूमिहीनाचाही हक्क धरायचा आणि ऊस लावायचा नाही.

उसाची ही अट समजून घ्यायची तर मराठवाड्याकडे पाहावे. ऊस बारमाही तहानेचे पीक आहे. राज्यात त्याखालचे क्षेत्र एकूण लागवडीच्या मानाने थोडे, पण सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा प्रचंड. पर्जन्यछायेतल्या मांजरा खोऱ्यातही साखर कारखाने उभे राहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते, पुढे वाघिणी वाढवून ते पंचवीस लाखांवर गेले. चार लाखांच्या शहरात माणशी सहा लिटर. त्याआधी दोन वर्षे पाऊस कमी झाला होता हे खरेच. पण आहे ते पाणी कोणत्या पिकाला द्यायचे हा निर्णय पावसाने घेतला नव्हता.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारी कुटुंबे याच कथेची दुसरी बाजू आहेत. ती फक्त दुष्काळी वर्षी जातात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात चांगल्या पावसाच्या वर्षीही टोळ्या निघतात, कारण मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि कोरडवाहू शेत एका हंगामापलीकडे घर चालवू शकत नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. मुलांची शाळा ऐन वर्षात सुटते. ज्यांच्या शेताला पाणी मिळाले नाही, त्यांनीच पाणी पिणारे पीक तोडायचे, हा अन्याय आहे आणि त्याला हवामान म्हणून सोडून देता येणार नाही.

पावसाळा संपला की १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणांतला साठा मोजला जातो आणि कालवा सल्लागार समित्यांच्या बैठकांत रब्बी-उन्हाळ्याची आवर्तने ठरतात. किती पाणी पिण्याला, किती कोणत्या पिकाला, टेलच्या शेतकऱ्याला शेवटचे आवर्तन मिळणार की नाही, याचा बहुतांश निवाडा तिथे होतो. जूनमधला पावसाचा अंदाज आपण उत्सुकतेने वाचतो. ऑक्टोबरमधल्या या निर्णयांची बातमीही तितक्याच बारकाईने वाचावी, आणि गावात असाल तर ग्रामसभेत त्याचा हिशेब मागावा.