टॉर्पर म्हणजे सुस्ती नव्हे

मंगळावर माणूस पाठवायची चर्चा निघाली की बातम्यांत एक शब्द हटकून डोकावतो, टॉर्पर. यात्रींच्या शरीराची भट्टी मंद करून त्यांना महिनोन्‌महिने निपचित न्यायचं, म्हणजे अन्नपाणी वाचेल. २०१३ मध्ये नासाने या कल्पनेच्या अभ्यासाला पैसेही दिले. या शब्दाला मराठीत आपण ‘सुस्ती’ म्हणून मोकळे होतो, आणि तिथेच माझं भांडण आहे.

सुस्ती पुरणपोळीनंतर येते. टॉर्परचं मूळ मुंग्या आलेल्या पायात आहे. लॅटिन ‘टॉर्पेरे’ म्हणजे बधिर होणं. तासभर मांडी घालून बसल्यावर उठायला जावं आणि पाय आपला वाटूच नये, तसं.

याच क्रियापदावरून रोमन लोकांनी एका माशाला नाव दिलं, टॉर्पेडो. थाळीसारखा चपटा, वाळूत अंग पुरून पडणारा मासा. त्याला हात लागला की झटका बसतो आणि हात बधिर होतो. अरबी समुद्रातही त्याचे भाईबंद आहेत. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने तर त्याला औषधच केलं. गाउटने पाय ठणकत असेल तर रोग्याने समुद्रकाठच्या ओल्या वाळूत उभं राहायचं, जिवंत काळा टॉर्पेडो पायाखाली घ्यायचा आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईस्तोवर हलायचं नाही! हा झटका विजेचा आहे, हे कळायला पुढे कित्येक शतकं जावी लागली. ग्रीक लोक याच माशाला ‘नार्के’ म्हणत. ‘नार्कोटिक’ त्याच घरातला शब्द. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट फुल्टनने पाण्याखालच्या सुरुंगांना टॉर्पेडो म्हटलं आणि माशाचं नाव युद्धात गेलं.

जीवशास्त्रातला टॉर्परही आळशांचा नाही. हमिंगबर्ड दिवसभर फुलांवर इतका राबतो की रात्री अंग तापतं ठेवायला त्याच्याकडे इंधन पुरत नाही. मग तो ती आच विझत आणतो. पेरूच्या अँडीज पर्वतात ब्लॅक मेटलटेल जातीच्या एका हमिंगबर्डचं तापमान रात्री ३.२६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेलं मोजलं गेलं आहे. फ्रिजमधल्या दुधाइतकं गार! पहाटे तो थरथरून अंगात ऊब आणतो आणि पुन्हा फुलांवर जातो.

२०२३ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हाँग चेन यांच्या गटाने मेंदूवर अल्ट्रासाउंड सोडून उंदरांना अशा अवस्थेत नेलं. उंदीर अन्न तुटलं की मुळातच टॉर्परमध्ये जाऊ शकतात. त्याच गटाने मोठ्या जातीच्या उंदरांवरही, म्हणजे घुशीसारख्या रॅटवर, हा प्रयोग केला. रॅट निसर्गात कधी टॉर्परमध्ये जात नाही, तरी त्याचंही तापमान उतरलं. मला सगळ्यात आशा वाटते ती इथे, कारण माणूसही निसर्गतः त्या वाटेला जात नाही.

पण ‘यात्री झोपून जातील’ हे वाक्य मात्र चूक आहे. टॉर्पर ही झोपही नाही. ज्याला आपण शीतनिद्रा म्हणतो, त्या लांबलेल्या टॉर्परच्या काळात जमिनीत राहणाऱ्या खारी मधूनमधून भरपूर चरबी जाळून अंग तापवतात, आणि अंग तापलं की त्यातला बराच वेळ गाढ झोपतात.