दुबई भारी आहे की भारी पडते? तिथे राहणाऱ्या मराठी माणसांचं ऐकताना एवढं तपासा



जोगेश्वरीच्या आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो : "सर, दुबईला कंपनी काढू का?" विचारणाऱ्याच्या ओळखीचे दोघं तरी तिथे राहत असतात. भाऊजी सांगतात, "टॅक्स नाही, रस्ते चकाचक, रात्री बारालाही बाई एकटी फिरते. ये तू, बघू आपण." आणि शाळेतला मित्र सांगतो, "चुकूनही येऊ नकोस. पगार एका हाताने येतो, भाड्याच्या रूपाने दुसऱ्या हाताने जातो."

गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात. मग विश्वास कुणावर ठेवायचा? माझं उत्तर असं आहे की दोघांवर ठेवा, पण त्यांचं बोलणं थेट आपल्या धंद्याला लावू नका. आधी ते वहीत उतरवा. ते कसं करायचं, ते आज बघूया.

आधी शहर समजून घ्या

संयुक्त अरब अमिरातीत दर दहा माणसांत साधारण नऊ बाहेरून आलेली आहेत आणि त्यात सगळ्यात जास्त भारतीय आहेत. नातंही जुनं आहे. १९६६ पर्यंत तिकडच्या व्यवहारात भारतीय रुपयाच चालायचा. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास वेगळ्या नोटा काढल्या होत्या. रत्नागिरी-रायगडमधली कितीतरी घरं गल्फच्या पैशावर उभी राहिली आहेत, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात माणूस भुलतो. बर दुबईच्या मीना बाजारात हिंदी चालते, करामात आपलं जेवण मिळतं, एक दिरहममध्ये अब्रा म्हणजे होडीतून खाडी पार करता येते. मुंबईपासून विमानाने जेमतेम तीन तास. "हे तर आपलंच आहे" असं वाटतं.

इथेच एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे तुम्ही वीस वर्षं राहिलात तरी राहता ते व्हिसावर. नोकरी, धंदा, कुटुंब किंवा प्रॉपर्टी, यातलं काहीतरी दाखवूनच मुक्काम टिकतो. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळाला तरी तो व्हिसाच, नागरिकत्व नाही. धंदा बंद पडला तर जोगेश्वरीत तुम्ही घरी बसाल. तिथे ठराविक मुदतीत दुसरी सोय झाली नाही तर घरच सोडावं लागतं.

बोलणारा कोणत्या व्हिसावर आहे?

कुणीही मत दिलं की पहिला प्रश्न हा विचारा. कारण एकाच शहरात राहणारी ही माणसं चार वेगळ्या शहरांत राहतात म्हटलं तरी चालेल.

१. साइटवरचा कामगार. राहायला कंपनीचा कॅम्प. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. उन्हाळा किती कडक असतो, ते यावरूनच समजा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणंही बेकायदा आहे, तरी तशा तक्रारी ऐकू येतात.

२. एकटा नोकरदार. देरा किंवा करामात बेड-स्पेस, म्हणजे खोलीत एक पलंग भाड्याने. बचत चांगली होते, पण बायको-मुलं गावाला. याचं "भारी आहे" म्हणजे "पैसे घरी जातायत".

३. कुटुंबवाला नोकरदार. कुटुंब आणायचं तर किमान ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायची सोय, अशी अट आहे. पण तेवढ्यात संसार भागत नाही. भाडं आहे, शाळेची फी आहे, गाडी आहे. अनेक जण भाडं कमी म्हणून शारजात राहतात आणि रोज ट्रॅफिकमध्ये तास घालवतात. "परवडत नाही" हे बहुतेक याच घरातून ऐकू येतं.

४. दुकानदार किंवा कंपनीवाला. आपल्या कामाचा माणूस हा. पण आपल्या ओळखीत नेमका हाच सगळ्यात कमी असतो. त्याला शोधा.

आता मतं वहीत उतरवूया

*"टॅक्स नाही."* पगारावर नाही, बरोबर. धंद्याला मात्र आहे. १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट लागू आहे आणि वर्षाची करपात्र विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. जून २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी कॉर्पोरेट टॅक्सही आला : ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. आकडा सारखाच आहे, पण एकीकडे तो विक्रीचा आहे आणि दुसरीकडे नफ्याचा. गल्लत करू नका. छोट्या धंद्यांना काही सवलत आहे, पण रजिस्ट्रेशन चुकत नाही.

*"भाडं मारून टाकतं."* आकड्याइतकीच भाडं देण्याची पद्धतही बघा. आपल्याकडे गाळा घेतला की डिपॉझिट आणि मग महिन्याचं महिन्याला. तिथे भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यायचे. समजा दुकानाचं भाडं वर्षाला ६०,००० दिरहम आणि मालक दोनच चेक घेतो. म्हणजे पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी ३०,००० गेले. चेक बाउन्स झाला की पूर्वी पोलीस केस व्हायची. जानेवारी २०२२ पासून बहुतेक प्रकरणांत तसं राहिलेलं नाही, पण वसुलीची कोर्ट कारवाई आणि देश सोडायला बंदी हे होऊ शकतं. राहत्या घराच्या वार्षिक भाड्यावर ५ टक्के हाउसिंग फी वेगळी, ती वीज-पाण्याच्या बिलातून येते.

*"रुपया पडला की मजा."* दिरहम डॉलरला बांधलेला आहे : १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम. रुपया घसरला की घरी पैसे पाठवणाऱ्या भाऊजींना जास्त रुपये मिळतात. तुम्ही इथून रुपयात भांडवल घेऊन जाणार, म्हणजे तुम्हाला तेच दिरहम महाग पडणार. त्यांच्या फायद्याची गोष्ट तुमच्या खर्चाच्या बाजूला लिहायची आहे.

*"समुद्र काय सुंदर आहे!"* आहेच. पण जून ते सप्टेंबर पारा चाळीसच्या वर आणि समुद्रामुळे दमट हवा. दिवसा बाहेर कुत्रं फिरकत नाही. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर चालणारा धंदा असेल तर हे चार महिने कमी विक्रीचे धरा. डिलिव्हरीचा असेल तर कदाचित उलटं.

*"आता लोकल पार्टनर लागत नाही."* जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत मेनलँडवर १०० टक्के मालकी परदेशी माणसाला ठेवता येते. पूर्वी ५१ टक्के स्थानिक भागीदाराकडे असायचे. पण स्वस्त पॅकेज म्हणून एजंट जे विकतो ते बहुतेक फ्री झोनचं लायसन्स असतं. त्यावर शहरात थेट दुकान थाटता येत नाही. सही करायच्या आधी विचारा : "मी नेमकं कुणाला विकू शकतो?"

तक्रारीतच गिऱ्हाईक असतं

धनंजय दातार यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, दुबईचे 'मसाला किंग'. वडील महादेव दातार हवाई दलातून निवृत्त होऊन दुबईला गेले आणि त्यांनी छोटं किराणा दुकान टाकलं. १९८४ मध्ये धनंजयही त्यात उतरले. पुढे त्यातूनच अल अदिलची साखळी उभी राहिली. विकत काय होते? डाळी, पिठं, मसाले, लोणची. परक्या शहरात सगळं मिळतं, पण घरची चव मिळत नाही, ही तिथल्या भारतीयांची तक्रार हाच त्यांचा बाजार होता.

म्हणून तिथल्या माणसाला "कसं वाटतं?" एवढंच विचारून थांबू नका. "काय मिळत नाही? काय महाग मिळतं? गावाहून येताना बॅगेत काय भरून आणता?" हे विचारा. यादी तयार झाली की धंदा दिसायला लागतो.

जायच्या आधी इथे बसून करायची कामं

- आधी माल पाठवून बघा. आयात-निर्यात कोड ऑनलाइन निघतो, फी ५०० रुपये. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय लायसन्स हवं. १ मे २०२२ पासून भारत-यूएई व्यापार करार लागू आहे, बऱ्याच मालावर तिकडची ड्युटी कमी किंवा शून्य झाली आहे. लेबलवर अरबी मजकूर लागतो, तो आधी विचारून घ्या.
- पैसे नियमाने न्या. इथे राहून बाहेर कंपनीत भांडवल घालायचं तर बँकेमार्फत परदेशी गुंतवणुकीचे फॉर्म भरावे लागतात. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परदेशी मालमत्ता दाखवावी लागते. लपवली तर १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. लायसन्स विकणारा एजंट हे सांगेलच असं नाही. सीएला विचारा.
- दोनदा जाऊन या. एकदा जानेवारीत, एकदा ऑगस्टमध्ये. फक्त जानेवारी बघून निर्णय घेऊ नका.
- परतीचा खर्च बाजूला ठेवा. सहा महिन्यांचं घरभाडं, सगळ्यांची तिकिटं आणि इथला संसार पुन्हा लावायचे पैसे. ही रक्कम भांडवलात धरायची नाही, म्हणजे नाही.

मित्रांनो, मी कुणाला "जाऊ नका" म्हणत नाहीये. आपल्या लोकांनी तिथे नाव कमावलंय. पण आईचे दागिने मोडून किंवा गाळा विकून जाणार असाल, तर निर्णय भाऊजींच्या फोनवर नको आणि मित्राच्या वैतागावरही नको. ते दोघं आपल्या पगाराची गोष्ट सांगतायत. तुम्हाला गल्ल्याची गोष्ट लिहायची आहे.

आजचा होमवर्क : तिथे राहणाऱ्या तीन माणसांना फोन करा, त्यातला एक तरी दुकानदार हवा. प्रत्येकाचं मत लिहा, शेजारी त्याचा व्हिसा लिहा आणि तिसऱ्या रकान्यात तुमच्या धंद्याला पडणारा आकडा लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर अजून तिकीट काढू नका.