जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसणारं पिल्लू

मे महिन्यात कुत्रं धापा टाकत बसलं की सोलापूरकर उन्हाला बोल लावतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण तीन-चार महिन्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू ऐन जानेवारीत, गड्डा यात्रेच्या थंडीत जास्तच ढेपाळायला लागलं, तर? दोन पायऱ्या चढून ते बसकण मारतं. मागचे पाय सशासारखे जोडीनं टाकत पळतं. मान खाली, पाठ कमानीसारखी. खाऊनही अंगाला लागत नाही. घरातले म्हणतात, आळशी आहे. मग कॅल्शियमची बाटली येते. मात्र दुखणं हाडांत नसतं, स्नायूंत असतं.

याचं नाव सेंट्रोन्यूक्लिअर मायोपथी. स्नायूच्या तंतूत एरवी कडेला असणारी केंद्रकं इथं मधोमध सरकलेली दिसतात, म्हणून हे नाव. लॅब्रेडॉरमधल्या या आजाराची नोंद १९७६ मध्ये अमेरिकेत झाली. मूळ सापडायला मात्र २००५ साल उजाडलं: एका जनुकात डीएनएचा उपरा तुकडा घुसलेला होता. नुसत्या रक्ततपासणीवर विसंबू नये, ती बऱ्याचदा ठीकच येते. त्यापेक्षा डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडीनं हलकेच ठोकून पाहावं. निरोगी कुत्र्याचा पाय उडतो, या पिल्लाचा बहुधा उडत नाही.

आपल्याकडे कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घेताना जाणता माणूस आईबापाची चाल बघतो. लॅब्रेडॉरच्या या आजारात ती पारख फसते. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला नर आयुष्यभर धडधाकट पळतो. तशाच मादीशी त्याची जोडी लागली, की प्रत्येक पिल्लू आजारी निघण्याची शक्यता चारात एक. देखण्या नराला मागणी जास्त, त्यामुळे दोष गावोगाव पोचतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून केलेली जनुकचाचणी हे आधीच सांगू शकते. म्हणून पिल्लू घेताना आईबापाचे फोटो नकोत, त्यांच्या चाचणीचा कागद मागा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. निदान तेवढं तरी विचाराच. विचारायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण त्या संकोचाची किंमत पिल्लू मोजतं.

आणि असं पिल्लू घरात आलंच असेल, तर त्याला टाकू नका. औषध नाही, पण साधारण वर्षाचं झालं की दुबळेपणा वाढायचा बहुधा थांबतो आणि अशी कुत्री पुष्कळ वर्षं जगतात. त्याला दमवू नका. लांब फेरीऐवजी छोट्या दोन फेऱ्या मारा. जिन्यावर उचलून न्या. गिळताना ठसका लागत असेल किंवा खाल्लेलं तसंच बाहेर येत असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा. आणि जानेवारीत गार फरशीवर झोपवू नका; जुनी सोलापुरी चादर चौघडी करून खाली घाला.